छताखालचा बाळकृष्ण

नवरा पैज लावताना गालातल्या गालात हसत असेल, तर खुशाल समजावं की याला उत्तर आधीच ठाऊक आहे. आमचे हे तसेच हसत होते.

आम्ही नागपूरहून अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरला लेकीकडे आलो होतो. आश्लेषाला सहावा महिना, पहिलटकरीण. जावई, अनय, सोन्यासारखा आहे, पण सुई बघितली तरी त्याला घेरी येते. बाळंतपणाला मी तिथं असायलाच हवी होते. यांना मात्र पंधरा दिवसांतच करमेनासं झालं आणि यांनी पुढच्याच आठवड्याचं परतीचं तिकीट काढायला लावलं. दोघांचं. तुम्ही एकटे जा म्हणावं, तर या माणसाला गॅस पेटवण्यापलीकडे चहा येत नाही आणि गोळ्यांची वेळ मला पाठ, यांना नाही.

तर त्या रात्री जेवताना अनय स्टेडियमचं कौतुक सांगत होता. दुसऱ्या दिवशी तो आणि आश्लेषा आम्हाला तिथं बेसबॉल बघायला नेणार होते. फिनिक्सच्या उन्हाळ्यात मैदानात बसून मॅच बघणं शक्यच नव्हतं, म्हणून अख्ख्या मैदानावर सरकतं छत बांधलं. पाच मिनिटांच्या आत उघडतं म्हणे.

"बंडला मारू नका जावईबापू," हे म्हणाले. यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाचे दरवाजे उघडण्यात आणि मिटण्यात गेली. "एवढं लोखंड पाच मिनिटांत हलतं होय? उद्या ते छत उघडलं, तर मी बाळंतपण होईस्तोवर राहतो. नाही उघडलं, तर तिकीट पक्कं. पुन्हा विषय काढायचा नाही."

अनय काही बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात यांनी त्याला पोळी वाढली. आमच्या संसारात यांनी कुणाला पोळी वाढल्याचं मला आठवत नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सकाळी मी देवातला बाळकृष्ण उचलला. रांगता, पितळेचा, हातात लोण्याचा गोळा असलेला. माझ्या आईनं लग्नात दिलेला. मी कुठंही गेले तरी बरोबर असतो. स्टेडियममध्ये आरपार दिसणारीच पिशवी चालते, म्हणून त्याला पोह्यांच्या चिवड्याच्या डब्यात पुरलं. पोह्यांचं त्याला वावडं नाहीच.

बाहेर नागपूरच्या मे महिन्यासारखं ऊन आणि आत शिरलो तर फ्रिज. वर बघितलं, तर विमानं ठेवता येतील एवढं छत. अनय चालता चालता माहिती देत होता. पूर्वी म्हणे आत खरं गवत होतं. त्याला ऊन मिळावं म्हणून दिवसा छत उघडायचे आणि मॅचच्या आधी मिटून एसी लावायचे. एवढं करूनही गवत काही धड जगेना, शेवटी प्लॅस्टिकचं घातलं. "गवताचेसुद्धा लाड," हे म्हणाले, पण मान वर करून पोलादी दोर आणि मोटारी मात्र शोधत होते.

मैदानाच्या टोकाला, भिंतीला लागून, चक्क पोहण्याचा तलाव. पाण्यात बसून मॅच बघायची. आमच्या मराठी मंडळानं त्या दिवसापुरता तो भाड्यानं घेतला होता. मंडळातल्या एकीची मुलगी, रुही, तिथं होती. तिला म्हटलं, त्या तलावावरच्या शिट्टीवाल्या बाईला विचार, छत कधी उघडणार? विचारून आली. "नॉट टुडे, काकू. समरमध्ये क्लोज्डच असतं. टू हॉट."

म्हणजे या गृहस्थांनी आधीच फोनवर बघून ठेवलं होतं. मला असा राग आला म्हणून सांगू. इथं लेकीचं बाळंतपण, आणि हे मला लहान मुलासारखं खेळवत होते.

मग मी देव पाण्यात घातले.

खोल पाण्यात नाही. यांना पाणी दिसलं की पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाय सोडून बसायचं, ही कालव्यावरची सवय. गुडघे दुखतात, म्हणून बसणार ते तलावाच्या पायऱ्यांशी, दांड्याला धरूनच. त्या दांड्याजवळच्या पायरीवर मी बाळकृष्ण ठेवला, अंगाला चिकटलेला चिवडा पुसून, आणि लांब जाऊन बसले.

हे आले. बसले. पाय सोडले आणि लगेच वर ओढले. वाकून पाण्यात हात घातला आणि मूठ उघडून बघतच राहिले.

मी जवळ गेले. "काढलात? इच्छा पुरी झाल्याशिवाय काढत नाहीत."

"हाच ना," हे म्हणाले, "आश्लेषाच्या वेळी तुझ्या आईनं घंगाळात ठेवलेला?"

"हाच. तुम्ही धरणावर होतात."

"पूर आला होता गं. दरवाजे सोडून कसा येणार होतो?"

"मी कधी काही म्हटलं?"

नव्हतं म्हटलं. पण त्या दिवशी दाराकडे डोळे लावून मी पडले होते, ते मला अजून आठवतं. यांनाही आठवत असावं, कारण हे बाळकृष्ण हातात फिरवत राहिले. मैदानात कुणीतरी चेंडू लांब मारला, लोक उभे राहिले, हे बसूनच होते.

"छत काही उघडलं नाही," शेवटी म्हणाले.

"नाही उघडलं."

"म्हणजे पैज मी जिंकलो."

"जिंकलात."

यांनी खिशातला रुमाल काढून बाळकृष्ण कोरडा केला, माझ्या हातात दिला आणि अनयला हाक मारली. "जावईबापू, ते तिकीट पुढं ढकलता येतं का बघा. बाळ होईस्तोवर."

माझे डोळे भरून आले. एसीच्या वाऱ्यानं झोंबतात, असं आश्लेषाला सांगितलं.

परतताना गाडीत हे आरशातून माझ्याकडे बघत होते. "काय गं सुलेखा, देव पाण्यात घालायचे तर पायरीवर कोण ठेवतं? आत टाकायचा की."

"आत टाकला असता," मी म्हटलं, "पण तुम्हाला पोहता कुठं येतं?"