पुष्पाला एवढे सांगा

मित्रांनो, पलंग, दिवाण, सोफा यांची ओळख तुम्हाला आहेच. त्यांच्या घराण्याशी माझे फारसे जमत नाही. मी बाज आहे, दोरीने विणलेली, आणि आता चांगलीच म्हातारी. बोरी अरबजवळच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यात, चंदाबाईच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली माझा मुक्काम असतो. माझ्या एका पायाला वाळवीने तोंड लावून पाहिले होते, पण बाभळीचे लाकूड तिला काही पचले नाही. दोरी मात्र तीनदा बदलली. सध्या अंगावर निळी नायलॉनची आहे. ती मला शोभत नाही, पण विचारतो कोण?

माझे लाकूडकाम नागोराव सुताराने केले. पाय बाभळीचे, दांडे सागाचे. विणकाम मात्र चंदाबाईच्या नवऱ्याने, रामधनने, स्वतःच्या हाताने केले. अंबाडीचा दोर त्याने आठ दिवस बसून मांडीवर वळला. चंदाबाई तेव्हा नवी नवरी होती. ती दोराचे एक टोक धरून समोर बसायची आणि हा गडी विणताना मुद्दाम चुकायचा. चुकले की उसवायचे, पुन्हा विणायचे, म्हणजे तिला आणखी थोडा वेळ तिथेच बसावे लागे. तिला ते कळत होते, पण ती कधी बोलली नाही. माझ्या अंगात ते आठ दिवस अजून आहेत असे मला वाटते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी बाज नीट पाहिलीही नसेल, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. माझ्या पायथ्याशी विणकाम संपते आणि तिथे नुसत्या ताणाच्या दोऱ्या असतात. माणसांच्या वजनाने मधोमध झोळ पडला की त्या दोऱ्या ओढून घ्यायच्या, म्हणजे बाज पुन्हा ताठ होते. रामधनला माझ्यावर उताणे पडून पायाचा अंगठा त्या दोरीत अडकवायची सवय होती. होळी जवळ आली की तो लेंगी, म्हणजे तांड्यातली होळीची गाणी, म्हणायचा आणि अंगठ्याने दोरी ओढून ठेका धरायचा. सगळी बाज हलायची. चंदाबाई चुलीजवळून म्हणायची, "बाज मोडशीन एक दिवस." तो आणखी जोरात म्हणायचा.

आता हे लोक घरात आपसांत गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात; आईला याडी म्हणतात. मी तुमच्यासाठी त्यांचे बोलणे वऱ्हाडीत सांगते आहे, तेवढे समजून घ्या.

त्या काळी तांड्यात माझा मोठा मान होता. पाहुणा आला की आधी मला झटकून टाकत. मिरच्या वाळायच्या माझ्यावर, बाळे निजायची माझ्यावर. कुणाला जास्त बरे नसले की चौघे जण मला खांद्यावर घेत आणि आजाऱ्याला डांबरी सडकेपर्यंत पोचवत. किती बाळंतिणी, किती तापकरी मी सडकेला लावले याचा हिशेब नाही. लोक म्हणत, रामधनची बाज हाताला लागली की माणूस घरी परत येतो. असे ऐकले की कोण फुगणार नाही? मीही फुगले होते.

अंगणात आणखी एकीचा मान होता. ती म्हणजे पुष्पा, रामधनची थोरली लेक. ती पायाळू होती. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती पायाळू, आणि तिचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण निघते, असे आमच्याकडे मानतात. कंबर धरून वाकलेली माणसे सकाळी सकाळी येत आणि पालथी पडत. पुष्पा सात वर्षांची, झिपऱ्या डोळ्यांवर. ती मोठ्या गंभीरपणे तीन वेळा पाय लावायची आणि गुळाचा खडा घेऊन पळायची. मावळत्या उन्हात माझ्या दांड्यावर बसून तो गूळ ती धाकट्या सुनीलला चाटवायची. सुनील तेव्हा दोन वर्षांचा होता.

तो दिवस मला सांगावासा वाटत नाही, पण सांगायला हवा. वेचणीचे दिवस होते. कापसाने भरलेली बैलबंडी तांड्याबाहेर पडत होती आणि रामधन वर, कापूस बांधलेल्या बोंदऱ्यांच्या ढिगावर बसला होता. चाक दगडावर चढले आणि तो पाठीवर खाली आला. लोक धावले. दोघांनी बगलेत हात घातले, दोघांनी गुडघे धरले आणि त्याला उचलून माझ्यावर पालथा टाकला. घाईत कुणीतरी ओरडले, "पुष्पीले बलावा." ती आली. तिने तीन वेळा पाय लावला. अगदी हलका, कारण बा कण्हत होता आणि ती घाबरली होती. मग त्याला उताणा केला आणि चौघांनी मला खांद्यावर घेतले.

सडक दीड मैल होती आणि मध्ये नाला. महिनाभरापासून माझी दोरी ढिली पडली होती. "उद्या ओढू," म्हणत रामधनने ते काम वेचणीपुढे ढकलले होते. त्याचे धड माझ्या झोळात रुतून बसले होते. नाल्याच्या उतारावर पुढच्याचा पाय घसरला, मी एका अंगाला कलले आणि तो कमरेत मुडपला. चौघांनी मला सावरले. "काही नाही, काही नाही," म्हणत ते पुढे निघाले. मीही मनाशी तेच म्हणाले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की पाठीच्या मणक्यांतून मेंदूचे निरोप खाली नेणारा मज्जारज्जू जातो आणि तो दबला आहे. पायांना आता निरोप पोचत नाही. आतले बारकाईने दाखवणारे यंत्र तेव्हा जवळपास कुठे नव्हते. करण्यासारखे फार थोडे होते, ते त्यांनी केले आणि रामधनला घरी पाठवले.

त्यानंतर अकरा वर्षे, अखेरपर्यंत, तो माझ्यावर होता. ती अकरा वर्षे नुसती दुःखाची होती असे समजू नका. त्याने सुनीलला पाढे माझ्यावर शिकवले. अंबाडीचे दोर वळून दिले, अर्ध्या तांड्याच्या बाजा त्या दोरांनी विणल्या गेल्या. चंदाबाई दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, तरी पाठीला जखमा व्हायच्या आणि ती त्या धुताना गाणे म्हणायची, कारण गाणे बंद झाले की त्याला तिचे रडणे ऐकू यायचे. माझी दोरी तो स्वतः बसल्या बसल्या ओढून घ्यायचा. माझ्यात कधी पुन्हा झोळ पडू दिला नाही. फक्त होळीला लेंगी म्हणताना बाज हलायची नाही. मला त्या ठेक्याची फार आठवण येते.

पुष्पाने त्या दिवसानंतर कुणाला पाय लावला नाही. लोक येत, ती घरामागे लपून बसे. पुढे ती शिकली, यवतमाळला परिचारिका झाली आणि नेमके हाडामणक्याच्या वॉर्डात काम मागून घेतले. माहेरी आली की माझ्यावर बसायची, पण बापाचा अंगठा अडकायचा त्या पायथ्याकडे नाही. ती तिथे का बसत नाही हे फक्त मला कळत होते.

आता अलीकडची गोष्ट. गेल्या वर्षी भाऊबीजेला ती आली होती. दुपारी सुनील कापसाच्या कोठ्यावरचे टिनाचे पत्रे बसवायला वर चढला. त्याची सहा वर्षांची खुशी खाली उभी राहून त्याला खिळे मोजून दाखवत होती. पत्रा सरकला. तो अंगणात, दगडाच्या कडेवर, पाठीवर पडला. आवाज तोच होता. तीस वर्षांपूर्वीचा.

शेजारचा हिरासिंग धावत आला आणि त्याने आधी मलाच धरले. मी तयार होते. खोटे कशाला बोलू, कितीतरी वर्षांनी कुणी मला कामासाठी हात लावला होता.

"बाज ठेव खाली," पुष्पा घरातून येत म्हणाली. "कोनी त्याले हात लावू नोका."

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी सुनीलचे डोके आहे तसे धरले. "मान हालवू नको. पायाची बोटं हालव फक्त." डावी बोटे हलली. उजवी जराशीच. तिने खुशीला हिरासिंगचा फोन घ्यायला लावला, रुग्णवाहिकेचा एकशे आठ नंबर फिरवायला सांगितला आणि फोन आपल्या कानाशी धरायला लावून पत्ता सांगितला.

चंदाबाई पुढे झाली. "उन्हात काहून पडू देऊन राह्यली त्याले? उचला. बाजीवर घ्या. पुष्पे, पाय लाव बाई. तांड्याच्या कमरा तू मोकळ्या केल्या, सख्ख्या भावाले नाही म्हनतं?"

"याडी, पायाळू कोन हाय? मीच ना? मंग मीच सांगून राह्यली, पाय लावाचा नाही."

"बाले उचलून नेलतं आपन."

"हो," पुष्पा म्हणाली. "नेलतं."

चाळीस मिनिटे ती तशीच बसून होती. लोक जमले, जो तो उचलायचे म्हणत होता. कुणी पाणी पाजायला तांब्या आणला, कुणी देवाचा अंगारा. तिने सगळ्यांना मागे ठेवले. तिचे हात अवघडले तरी सुनीलचे डोके हलले नाही. ऊन सुनीलच्या तोंडावर आले तेव्हा ती म्हणाली, "हिरासिंगभाऊ, ते बाज आडवी उभी कर. वरून गोधडी टाक. सावली होईल."

आणि मित्रांनो, मी सुनीलच्या उशाशी एका कडेवर उभी राहिले आणि त्याच्यावर सावली धरली. इतकी वर्षे मी माणसे वाहिली. त्या दिवशी मी नुसती उभी होते, आणि तेच काम खरे होते.

गाडी आली. त्यांच्याजवळ कडक, सपाट फळी होती, तिला झोळ पडत नाही. गळ्याला पट्टा लावून, चौघांनी एक-दोन-तीन म्हणत एकाच वेळी, धड कुठे न पिळता त्याला तिच्यावर घेतले. यवतमाळला एमआरआय झाला, तिथून नागपूर. मणक्याचा तुकडा मज्जारज्जूवर दाब देत होता, पण रज्जू शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. पुढचे मी सुनीलच्या तोंडून ऐकले, तो माझ्यावर बसून सगळ्यांना रंगवून सांगतो. पाठीवर लहान लहान चिरा देऊन, पडद्यावर आतला मार्ग पाहत पाहत, डॉक्टरांनी स्क्रू आणि सळया बसवल्या. पायांकडे निरोप जातो आहे की नाही हे एक यंत्र सारखे सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्याला पट्टा बांधून बसवले. मग व्यायाम, आधाराच्या दांड्या, चार महिने. सगळ्यांचेच इतके बरे होत नाही, हे पुष्पा प्रत्येकाला बजावून सांगते. सुनीलचाही उजवा पाय थोडा ओढतो. पण तो चालतो.

या होळीला तो चालत अंगणात आला, माझ्यावर उताणा पडला आणि लेंगी म्हणू लागला. आवाज बापाचाच. डाव्या पायाचा अंगठा त्याने नकळत माझ्या निळ्या दोरीत अडकवला. सगळी बाज हलू लागली. चंदाबाईच्या हातातली परात तशीच राहिली. खुशी म्हणाली, "बाज मोडशीन पप्पा," आणि म्हातारी पदरात तोंड लपवून आत गेली.

संध्याकाळी पुष्पा आईजवळ माझ्यावर बसली. पहिल्यांदा पायथ्याकडे. बराच वेळ तिने ती दोरी बोटाने चाचपून पाहिली.

"याडी, एक विचारू? बाचे पाय माह्या पायानं गेले काय?"

चंदाबाईने तिच्याकडे पाहिले. तीस वर्षे लेकीने हे पोटात ठेवले होते, हे तिला त्या क्षणी कळले. "मले काय मालूम बाई," ती म्हणाली. "सात वर्साचं लेकरू होतीस तू. आमीच बलावलतं तुले." तिने लेकीचे डोके मांडीवर घेतले. पण "नाही" असे तिला म्हणता आले नाही, कारण तिला खरेच ठाऊक नव्हते. पुष्पालाही ते कळले.

मित्रांनो, मला ठाऊक आहे. पण बाजेला तोंड कुठे असते? म्हणून तुम्हाला सांगते. कुणी उंचावरून पाठीवर पडले, तर त्याला माझ्यासारख्या बाजेवर उचलून टाकू नका, त्याला बसवू नका, पाय लावू नका. डोके धरा, गाडी बोलवा, वाट पाहा. माझी सावली करा. त्यासाठी मी अजून धडधाकट आहे.

आणि कधी यवतमाळला गेलात, हाडामणक्याच्या वॉर्डात झिपऱ्या आवरत चालणारी पुष्पा भेटली, तर तिला माझा एवढा निरोप द्या. तू तीन वेळा पाय लावलास, त्यानंतर तुझ्या बापाला उताणे केले, तेव्हा त्याने नेहमीसारखा अंगठा माझ्या दोरीत अडकवला होता. तांड्यापासून नाल्यापर्यंत तो दोरी ओढत होता, मला जाणवत होते. नाल्यात मी कलले, तो माझ्या झोळात मुडपला आणि अंगठा दोरीतून सुटला. तो पुन्हा अडकला नाही. पोरी, तुझा पाय लागल्यानंतरही तो ठेका चालू होता.