उसाच्या गाठीनं बांधलेला ट्रॅक्टर

"रोटाव्हेटर सोडायचा न्हाई म्हंजी न्हाई!" ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला पाठ लावून बंकट उभा राहिला. "जोडलेली चीज सोडायची कावून? आं?"

धुळाजी डायव्हरनं हातातला पाना खाली ठेवला. मोठा ट्रॅक्टर आणि मोकळी ट्रॉली घेऊन तो उमापूरहून सकाळीच आला होता. गावच्या सोसायटीचा छोटा ट्रॅक्टर ट्रॉलीत चढवून झाला होता. आता त्याच्या मागं जोडलेला, ढेकळं फोडायचा रोटाव्हेटर काढायचा, तर हे म्हातारं आडवं आलेलं.

"मामा, पाच मण लोखंड शेपटाला लोंबतंय. घाटात हिसके बसले का ट्रॅक्टरचे हात मोडत्याल. काढून ट्रॉलीच्या तोंडाशी आडवा टाकू."

"आन् वाटंत कुणी उचलून नेला मंग?"

"पाच मणाचा हाय. काखंत मारून कोण नेणार?"

भोवतीची माणसं हसली. बंकटला मात्र हसू आलं नाही, आणि त्यालाही कारण होतं.

नऊ वर्षांमागं सोसायटीचं मळणीयंत्र असंच गेलं होतं. टेम्पो घेऊन एक गोडबोल्या आला, "दुरुस्तीला नेतो" म्हणाला. बंकटनं स्वतः खांदा लावून यंत्र चढवलं, वर त्याला चहा पाजला. यंत्र गेलं ते गेलंच. तेव्हापासून गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पारावर एक जण म्हणणारच, "बंकटला इचारा." सव्वीस हंगाम ऊस तोडून पाठीला बाक आलेला माणूस, कुणाच्या काडीला हात न लावलेला. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? त्याची बायको साखराबाई त्या पायी वर्षभर आडावर गेली नव्हती.

आणि आता भादवा निम्मा सरला तरी त्यांच्या लिंबागणेश गावच्या माळावर थेंब नव्हता. ढेकळाला लाथ मारली तर ढेकळाऐवजी अंगठा फुटायचा. छोटा ट्रॅक्टर दोन महिने शेडात कोंबड्यांना बसायला झाला होता. उमापूरकडं कॅनॉलचं पाणी, मोसंबीच्या बागा. झाडांच्या दोन ओळींमधून शिरायला हाच बुटका ट्रॅक्टर लागतो. तिथल्या सोसायटीनं तो मागितला आणि गावच्या सोसायटीच्या चेअरमननं, आप्पारावांनी, हो म्हटलं. सोबत कोण जाणार हा प्रश्न आला तेव्हा आप्पाराव म्हणाले, "बंकटला धाडा. दुधानं तोंड पोळलंय त्याचं, ताकबी फुकून पील."

लोक खदाखदा हसले. बंकट उठला आणि घरून दोर घेऊन आला. ट्रॅक्टर सुखरूप पोचला तर नऊ वर्षांचा डाग जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शेवटी रोटाव्हेटर निघाला आणि ट्रॉलीच्या तोंडाशी आडवा पडला, कारण आप्पाराव स्वतः ओरडले. मग धुळाजीनं ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला, चाकांपुढं-मागं लाकडाचे ठोकळे ठोकले. एक साखळी पुढच्या एक्सलमधून घालून ट्रॉलीच्या पुढच्या कड्यांना आवळली, दुसरी मागच्या एक्सलमधून मागच्या कड्यांना. दोन्हींना कुलपं घातली. किल्ल्या आपल्याच खिशात टाकल्या. बंकटनं ते बरोबर हेरलं.

"कुलूप तुझं, चावी तुझी. मंग आमचं काय उरलं बे?"

"कुलूप चोरासाठी न्हाई मामा, साखळीचा आकडा उसळून निघू ने म्हणून हाय."

बंकटनं आपला दोर काढला. ऊस भरून झाल्यावर ट्रॉली बांधायची ती गाठ. दोर बॉनेटवरून, सीटवरून पलीकडं फेकला, पाय लावून ओढला, निरगाठ मारली. ही गाठ कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत कधी सैल झाली नव्हती.

धुळाजी बघत राहिला. "मामा, ऊस दबतो म्हणून तुमचा दोर ताठ ऱ्हातो. ह्येच्या टायरात हवा हाय. वरून आवळला तरी उड्या मारतोय. धरायचा तर बुडाला धरावा."

"तू मला बांधायला शिकवतू?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. शोभंला बरा हाय."

निघताना बंकट धुळाजीशेजारी मडगार्डवर बसायला तयारच नाही. ट्रॉलीत चढून तो थेट छोट्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसला, दोराखालून पाय घालून. धुळाजीनं हात जोडले, शिवी दिली, पण गडी हलेना. मग काय, पुढं मोठा ट्रॅक्टर, मागं ट्रॉली आणि ट्रॉलीतल्या बंद ट्रॅक्टरचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसलेला बंकट, अशी वरात निघाली. मांजरसुंब्याला पानटपरीवरचा एक जण ओरडला, "बाबा, डिझेल लई वाचतंय की!"

घाट उतरला आणि धुळाजी थांबला. मागं आला, साखळ्या ओढून बघितल्या, पुन्हा आवळल्या. बीडच्या पुढं पुन्हा थांबला. पुन्हा तेच. बांधलेली साखळी माणूस कितीदा बघतो? चोराला मालाकडं सारखं बघावं वाटतं, हे त्याला ठाऊक होतं.

"सारखा काय हात लावतू?"

"वाटंला लागलं का साखळी सैल पडती मामा. तिच्यावर भरवसा ठिवू ने."

गढी गावाजवळ चहाला थांबले. बंकट ट्रॉलीआड लघवीला बसला होता तेव्हा धुळाजीचा फोन त्याच्या कानावर आला. "चौघं तरी घिऊन या... व्हय, रस्त्यालाच थांबा... आधी रोटाव्हेटर उतरवू. म्हातारं? हाय संगं. त्याचं बघतो मी."

बंकट तसाच ताडकन उठला. तेच, नऊ वर्षांमागचंच. त्याचं बघतो म्हणजे काय बघतो? दारूचा घोट पाजतो का खड्ड्यात लोटतो?

धुळाजी किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवून हापशावर तोंड धुवायला गेला. बंकटनं जुडगा उचलला. मागची साखळी फाळक्याजवळ, उघड्यावर, हॉटेलातून दिसत होती. पुढची आडोशाला होती. त्यानं पुढची सोडली, ती रोटाव्हेटरच्या सांगाड्यातून ओवली आणि ट्रॉलीच्या कड्याला कुलूप घातलं. ट्रॅक्टरला काय, आपला दोर होताच. त्या कुलपाची किल्ली जुडग्यातून काढून कंबरेच्या करगोट्याला बांधली आणि बाकीचा जुडगा जागच्या जागी ठेवला. आता उतरव रोटाव्हेटर, म्हणावं! कितीतरी वर्षांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

गढी सोडल्यावर, आता पोचतच आलो म्हणून धुळाजी कुठं थांबला नाही. उमापूर कोसभर राहिलं. कोरडा ओढा आडवा आला. खाली उतरताना ट्रॉलीनं हिसका खाल्ला, वर चढताना चाक खड्ड्यात आपटलं आणि छोटा ट्रॅक्टर बंकटसकट उडाला. मागचे ठोकळे चाकाखालून निसटले. दोर लोंबला. ऊस असता तर दबला असता. ट्रॅक्टर तिरका मागं घसरला, फाळका फाडकन उघडला आणि एक मागचं चाक ट्रॉलीबाहेर जाऊन हवेत लोंबकळू लागलं. बंकट स्टिअरिंगला मिठी मारून ओरडला, "आयं!"

मागची साखळी खाडकन ताणली. तिनं ट्रॅक्टर तेवढ्यावर धरला.

धुळाजीनं ब्रेक दाबला, उडी मारून चाकाखाली दगड सारले, बंकटला काखेत धरून खाली घेतलं. "लागलं का मामा? हाड-बिड?"

पलीकडून माणसं पळत आली. चौघं. उतरवायला म्हणून धुळाजीनं फोन करून रस्त्यावर थांबवलेली. सोबत उमापूरच्या सोसायटीचा सचिव राधाकिशन. सगळ्यांनी खांदे लावून, पहारी घालून ट्रॅक्टर वर सरकवला. फाळक्याची बिजागरी तेवढी गेली होती. मग राधाकिशनचं लक्ष पुढं गेलं.

"पुढची साखळी कुठाय?"

धुळाजीनं बघितलं. रोटाव्हेटरला कुलपात अडकलेली साखळी बघून तो चकित झाला. "म्या तर एक्सलला घातलती."

"घातलती म्हणं! कुलूप तुझं, चावी तुझ्याकडं, आन् साखळी आपोआप चालत गेली?" राधाकिशननं बाकीच्यांकडं बघितलं. "वाटंत पाडायचा आन् भंगारात इकायचा बेत असंल. आपल्याच माणसाला आपुन वळखत न्हाई. ह्येलाच इचारा आता."

ह्येलाच इचारा. बंकटच्या कानात ते शब्द तापल्या सळईसारखे शिरले. धुळाजी हातात पाना धरून उभा होता, तोंड उघडत होता आणि मिटत होता. पारावर आपणही असेच उभे होतो. काय सांगावं तेच तेव्हा सुचलं नव्हतं, कारण सांगायला काही नव्हतंच.

गप्प बसलं तर डाग जातोय. गावी कळलं तर उरलेलं आयुष्य हसतील लोक.

बंकटनं करगोट्याची किल्ली सोडली.

"त्याला कायबी इचारू नका. साखळी म्या सोडली. मला वाटलं, ह्यो चोर हाय." त्यानं किल्ली धुळाजीपुढं धरली. "आप्पारावला फोन लावा. म्या सांगतो."

धुळाजीनं किल्ली घेतली, रोटाव्हेटरची साखळी सोडली आणि पुन्हा पुढच्या एक्सलमधून ओवली. आवळून झाल्यावर तो बाजूला झाला.

"मामा, एकदा वढून बघा."

बंकटनं साखळी ओढली. ताठ होती. मग त्यानं आपला दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि मडगार्डवर धुळाजीच्या शेजारी जाऊन बसला.