स्लीपरवरचं मीटर

भैयालाल सेठचा तेलाचा एक्सपेलर सुरू झाला की सत्यभामाबाईच्या चक्कीचा आवाज बसायचा. ऐन आळवणीत बुवांचा घसा बसावा तसा. पट्टा फटफटायचा, दगड रेंगाळायचा आणि पीठ जाडंभरडं उतरायचं. रांगेतली पंजाबी बाई म्हणायची, "बहनजी, ये आटा है के दलिया?" सत्यभामाबाई ते पीठ पुन्हा वर ओतायची.

भिलाईच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन-तीन वर्षं झाली होती. मुलखामुलखाचा माणूस कामगारांच्या कॅम्पात येऊन राहिला होता आणि प्रत्येकाचं दळण निराळं. कोणाचा गहू, कोणाची ज्वारी, इथल्या लोकांचा चिल्यासाठी, म्हणजे धिरड्यासाठी, तांदूळ. एकादशीच्या आदल्या दिवशी बाई दगड उघडून पुसून घ्यायची आणि मगच उपासाचा शिंगाडा दळायची. ती मूळची गोंदियाकडची. नवरा पुंडलिक दुर्ग लाईनीवर गँगमन. माहेरून आलेली म्हैस विकून तिनं ही चक्की मांडली होती.

बाजाराची ती ओळ सगळी टिनाची आणि तट्ट्यांची. जागा कारखान्याची, कधी उठावं लागेल सांगता येत नाही, म्हणून वीट लावायला मनाई. पक्की भिंत एकट्या सेठची, कारण त्याची जागा ओळीच्या टोकाला, स्वतःच्या मालकीची. त्या भिंतीवर ओळीतलं एकुलतं एक मीटर, आणि तिथून बांबूंवरून सगळ्या दुकानांत तारा गेलेल्या. महिना भरला की सेठ प्रत्येकाच्या बिलाचा आकडा तोंडानं सांगायचा. खरं ते बोलावं, या ओळीत दिवा आणला तो त्यानंच. त्याच्याआधी इथे कंदील होते. पण सेठ जेवायला बसला की मेन स्विच खाली, आणि सेठ लग्नाला गेला की दिवसभर खाली. देवाच्या दयेला वेळकाळ नसतो. सेठच्या दयेला होता.

पाऊस सरला आणि वीजवाल्यांची मुनादी, म्हणजे दवंडी, फिरली. दिवाळीनंतर कोणी कोणाच्या मीटरवरून तार ओढायची नाही. ज्याचा धंदा त्याचं मीटर, जितकं फिरेल तितकंच बिल. तार सापडली तर देणाऱ्याचीही लाईन कापणार आणि घेणाऱ्याचीही.

ओळीत एकच गलका झाला. सायकलवाला केवलराम म्हणाला, "काही होत नाई. दिवाळी होऊ द्या, सारे विसरते."

"विसरले तर तुमचा बल्ब पेटन, भाऊ," सत्यभामाबाई म्हणाली. "माही मोटार दिवसा घुमते, रस्त्यापर्यंत आवाज जाते. मले कोण विसरते? आणि मले तं मीटर पायजेच. माहा दगड जितका फिरन तितकं देईन मी. सेठच्या घाण्याचं कावून देऊ?"

चहावाली गयाबाई तिच्याहून मोठी, जिभेची तिखट. ती म्हणाली, "जाय मंग दुर्गले. साहेब आरती घेऊन उभा असन तुह्यासाठी."

सत्यभामाबाई खरोखरच दुर्गच्या वीजकचेरीत गेली. आरती नव्हती, खिडकी होती. खिडकीतला बाबू भला होता, पण नियमाचा. "मीटर टिनावर लागत नाही बाई, तट्ट्यावर तर नाहीच. मजबूत पक्की भिंत दाखवा, अर्ज घेतो."

ती परत आली आणि बाजाराच्या देखरेखीवाल्याला भेटली. मीटरपुरती, माणसाच्या उंचीची एक भिंत बांधू द्या म्हणाली. तो म्हणाला, "एक वीट लावली तरी ती पाडून दुकान उठवावं लागेल. मग मला बोल लावू नका."

पुन्हा दुर्ग, पुन्हा तीच खिडकी. हा म्हणे भिंत आण, तो म्हणे भिंत पाडतो. पुंडलिकनं रात्रीच्या जेवणाला एवढंच विचारलं, "थकली?"

"थकून कोणाले सांगू भाकर वाढा म्हणून?" ती म्हणाली, आणि स्वतःच उठून वाढली.

सेठला हे सगळं कळत होतंच. एके दिवशी तो स्वतः चक्कीवर आला आणि दळणाच्या बाकड्यावर बसला. "देखो बाई, कायले हैरान होता? दगड उठाओ, मोटार उठाओ, मेरे शेड में रख दो. लाईन मेरी, मीटर मेरा. तुम दळो, तुमको पगार मिलेगा. इज्जत से."

"चक्की कोणाची राहीन, सेठजी?"

सेठ हसला. "शेड जिसका, चक्की उसकी. और किसकी?"

"मंग नाई जमत," ती म्हणाली. "चहा घ्या, जा."

बाणेदारपणे बोलून गेली खरी, पण त्या दिवशी तिचा हात चालेना. दिवाळी तोंडावर आली होती. वार गुरुवार होता. दिवस मावळला तशी पिठानं भरलेलं डोकं पुसून ती मारुतीच्या मंडपात कीर्तनाला जाऊन बसली. माणसाचं सगळं अडलं की त्यानं कुठे बसावं? जिथे आपलं कोणी ऐकत नाही पण आपल्याला ऐकायला मिळतं, तिथे.

नरहरीबुवा नागपूरकडचे. आवाज असा की टाळकरीसुद्धा टाळ विसरायचे. त्या दिवशी प्रल्हादाचं आख्यान लागलं होतं. पूर्वरंगात बुवांनी लोकांना हसवून हसवून पोट दुखवलं आणि उत्तररंगात रडवायला घेतलं. पोराला कड्यावरून लोटलं, विषाचा पेला दिला, पोर नाव सोडीना. शेवटी बाप गरजला, "कुठे आहे रे तुझा देव? ह्या खांबात आहे?" आणि बुवांनी मंडपाच्या लाकडी खांबावर खणखणीत थाप मारली.

बायांनी डोळ्यांना पदर लावले. सत्यभामाबाई मात्र ताडकन उभी राहिली.

"बस वो!" मागून गयाबाईनं पदर ओढला. "देव निघून राह्यला खांबातून, आणि तू मधात कावून उभी?"

ती बसली नाही. पलीकडे पुरुषांत बसलेल्या पुंडलिकला तिनं हातानं बाहेर बोलावलं. तो बिचारा घाबरून आला.

"तुमच्या लाईनीवर रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर निघून राह्यले ना?"

"कीर्तनात बसून तुले स्लीपर आठवते?"

"भिंत नाई पायजे मले. खांब पायजे. सालाच्या झाडाचं लाकूड, त्याले वीट म्हणून कोण पाडीन? टिन म्हणून तरी कोण नाई म्हणन?"

आतून गजर ऐकू येत होता. पुंडलिक म्हणाला, "उचलून नाई आणणार मी. रेल्वेचा माल हाय."

"उचलून आणा म्हटलं का मी? विकते ना ते?"

निकामी स्लीपर रेल्वे विकत होतीच. पुंडलिकनं रीतसर पावती फाडून त्यातला सगळ्यात धड, काळाकुट्ट स्लीपर निवडला. तो ओळीत आणायला केवलराम आला आणि आणखी दोघं-तिघं आले. स्लीपर खांद्यावर घेतल्याबरोबर केवलरामनं आरोळी ठोकली, "पुंडलिक वरदे!" सगळ्यांनी "हाऽरी विठ्ठल!" म्हटलं आणि खुद्द पुंडलिक, मान वाकडी करून वजन पेलता पेलता, लाजून हसला. खोल खड्डा खणला, स्लीपर उभा केला, भोवती खडी ठोकून ठोकून बसवली. रुळाखालची खडी कशी ठोकायची हे गँगमनला सांगावं लागत नाही. वर पावसासाठी टिनाची लहानशी छत्री बसवली. देखरेखीवाला आला, वीट शोधली, सापडली नाही म्हणून निघून गेला.

बाईनं दुर्गला अर्ज दिला आणि दोन दिवसांनी वीजवाल्यांचे ओव्हरसियर शामराव जागा पाहायला आले. स्लीपर बघून त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय आहे, बाई? नियमात भिंत लिहिलीय."

"तुमचा बाबू भिंत दाखव म्हणते, बाजारवाला भिंत पाडतो म्हणते. मी का मीटर डोक्श्यावर घेऊन उभी राहू, साहेब?"

ओळीतले लोक हसले. शामराव हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी स्लीपरला रेटा दिला. मग खांदा लावून रेटा दिला. स्लीपर जागचा हलला नाही.

"याच्यावरून मालगाड्या गेल्या, साहेब," पुंडलिक हळूच म्हणाला. "तुमचा डबा काय जड हाय याले?"

शामरावांनी घाम पुसला. आता मात्र ते हसले. "नियमाला मजबुती पाहिजे, ती आहे. मी लिहितो तसं. पण ऐका बाई. मीटर तुमच्या नावावर चढेल. त्यावरून दुसऱ्याला एक बल्ब जरी दिलात, तरी लाईन तुमचीच जाईल. मग मला सांगायला येऊ नका."

"नाई येणार," ती म्हणाली.

दिवाळी झाली आणि मुनादी खरी ठरली. वीजवाले शिडी घेऊन आले आणि सेठच्या भिंतीवरून निघालेल्या तारा एकेक करून उतरवल्या. त्याच दिवशी सत्यभामाबाईच्या स्लीपरवर मीटर लागलं. बाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि संध्याकाळच्या दळणासाठी स्टार्टर ओढला. सेठचा एक्सपेलर पलीकडे चालूच होता, पण चक्कीचा सूर बसला नाही. मीटरच्या काचेआडची चकती आपली आपली फिरत राहिली.

दिवेलागणीला सगळी ओळ अंधारात आणि एकटी चक्की उजेडात. तेव्हा गयाबाई आली. मागे केवलराम.

"सत्यभामा, एक तार दे. माहं मीटर येईपर्यंत. जे होईन ते देईन तुले."

"मलेही," केवलराम म्हणाला. "बांबू हायेतच उभे."

पुंडलिक मान खाली घालून म्हणाला, "दे वो. चार दिवसाचा तं सवाल हाय. यायनं खांदा दिला आपल्याले."

सत्यभामाबाईनं चक्की बंद केली. गयाबाईचा अंधारातला ठेला तिला समोर दिसत होता. ह्याच बाईनं, सत्यभामाबाई कॅम्पात नवी आली तेव्हा, पहिल्या दिवशी घरचं जेवण आणून दिलं होतं.

"नाई देत, काकी," ती म्हणाली. "तार देली तं माही लाईन कटन. आणि नाई कटली तं उद्या मी सांगीन तो आकडा तुमी द्यान. मी जेवाले गेली का तुमच्या दुकानात अंधार. तुमाले सेठ बदलून पायजे का मीटर पायजे?"

"बोलाले शिकली! सेठीण झाली वो बाई, सेठीण!" गयाबाईचा आवाज चिरकला. "उजेड का तुह्या बापाचा हाय?"

ते शब्द बाईला लागले. तरी ती म्हणाली, "सकाळच्या गाडीनं दुर्गले चला. खिडकी कोणती, कागद कोणता, मले माहीत हाय. शामराव साहेबानं स्लीपर एकदा मानला, आता नाई म्हणता येत नाई त्यायले. तुमचा स्लीपर हे पाहून देतीन, पावतीनं." तिनं नवऱ्याकडे बोट केलं. पुंडलिकनं मान हलवली.

"आणि तुही चक्की? उद्या बाजार हाय," केवलराम म्हणाला.

"बंद राहीन."

सकाळी दळणाचे डबे घेऊन माणसं आली. कुलूप बघून बडबडली, एकानं तर शिवीही घातली. सत्यभामाबाई तेव्हा दुर्गच्या फलाटावर उतरत होती. केवलराम पुढे चालला होता. गयाबाई गाडीत सबंध वाटभर तोंड फिरवून बसली होती. पण कचेरीपुढची गर्दी लागली तशी तिनं मागून सत्यभामाबाईचा पदर घट्ट धरला, आणि सत्यभामाबाई तिला ओढत खिडकीकडे घेऊन चालली.