खरेपणाचे गुण

चौऱ्याहत्तर साली सांगलीत नर्सिंगच्या प्रवेशासाठी स्वभावचाचणी घ्यायचं खूळ निघालं आणि मानसशास्त्राचा मास्तर म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. शंभर विधानं, पुढं होय किंवा नाही. त्यावरून बाईत धीर किती, मिळूनमिसळून वागणं किती, याचे गुण निघत. चाळीस म्हणजे नापास नव्हे, इतरांच्या मानानं आपण कुठं बसतो एवढंच ते सांगतात, हे मी घसा कोरडा होईतो सगळ्यांना समजावलं.

एक मेख मात्र होती. ‘मी कधीच कुणावर चिडले नाही’, ‘मला कधीच कुणाचा हेवा वाटला नाही’ अशी बारा विधानं मध्येमध्ये पेरलेली. आठांहून जास्त ठिकाणी ‘होय’ आलं, की बाई खोटं बोलते असं धरून अख्खा कागद बाद.

आटपाडीच्या राहीबाईचे बाराच्या बारा ‘होय’ आले. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. हिंदुरावानं, धाकट्या दिरानं, प्रवेशासाठी अर्ज करायची एकदाच काय ती परवानगी दिली होती. जागा मिळाली नाही तर जन्मभर धाकट्या जावेच्या हाताखाली राबायचं. मी तिला बोलावून विचारलं, “खरंच कधी राग आला नाही तुम्हाला?”

“आवं सर, राग आला असं कसं लिवायचं? उद्या कागद घरी कुणी वाचला तर? सासरच्यांचं नाव जातंय.”

घरात मोठ्यांनी विचारल्यावर सून जे बोलते, तेच तिनं लिहिलं होतं. चाचणी बेतलेली पुण्याच्या कॉलेजातल्या मुलींवर. मी प्राचार्यबाईंकडे जाऊन भांडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “नियम तुम्हीच समजावलात ना आम्हाला?” समजावला होता. माझा मलाच संताप आला, पण करता काहीच आलं नाही.

बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं.

“म्हंजी मी खोटारडी,” ती म्हणाली. “भावजींना ह्ये सांगू नगा, सर.”

हिंदुराव व्हरांड्यातल्या बाकावरून उठला. “काय झालं, वैनी?”

“जागा भरल्या म्हणं, भावजी.” तिनं पदर सारखा केला. आवाज जराही हलला नाही.

अकरा जागा अजून रिकाम्या होत्या. मी तिथंच उभा होतो, आणि गप्प राहिलो.