गल्ल्यावरची खुर्ची

"भाऊ, चला बेगीन. वयनी उठणा नाय."

भागीरथी बाजारात धावत आली, तेव्हा मी एका बाईला टॉवेल उलगडून दाखवत होतो. भागीरथी आमच्या लॉजवर झाडलोट करायची. तिच्या हातात फडकं तसंच होतं. मी टॉवेल त्या बाईच्या हातात सोडला आणि निघालो. दुकान उघडंच राहिलं. दुकान म्हणजे काय, रस्त्याकडेला बाज आणि तिच्यावर चादरींचे ढीग.

वेंगुर्ल्यात आम्ही सहा वर्षं येत होतो. दिवाळी झाली की सोलापुरातून चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन निघायचं, बंदराच्या रस्त्याला भिकाजीशेटच्या लॉजमध्ये चार नंबरची खोली घ्यायची, आणि संक्रांतीपर्यंत राहायचं. त्याआधी बावीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे माझं काम. कारखाना बंद पडला तेव्हा माझी बायको काशम्माच म्हणाली, चादरी इकू. मी म्हणालो, कोकणात थंडी कुठं पडते, चादर कोण घेणार?

"पांगरायलाच पायजे असं कुटं हाय?" ती म्हणाली. "अंथरायला घेत्यात की."

आणि खरंच घेत होते. म्हणजे ती विकत होती. मला बोलता येत नाही. मी घड्या घालायचो.

लॉजपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. जिना चढताना मी भागीरथीला विचारलं, "ताप हाय का?" ती दोन-दोन पायऱ्या चढत पुढं गेली.

काशम्मा कुशीवर होती, भिंतीकडं तोंड करून. सहा वाजता मी निघालो तेव्हाही तशीच होती. रात्री तिच्या छातीत जळजळत होतं, दोनदा उठून ती पाणी प्यायली होती. पहाटे डोळा लागला असेल, म्हणून मी उठवलं नाही. पायाकडची चादर तिच्या अंगावर घातली आणि दार ओढून घेतलं. मी चादर घातली तेव्हा ती होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही.

मी तिच्या गालाला हात लावला. गार होता. हनुवटी हलेना. दंड धरला, तो थोडा जड झाला होता, पण कोपरात वाकत होता. मी तिच्या पायाला हात घालणार, तेवढ्यात मागून भिकाजीशेट ओरडले.

"सोलापूरकर, हात लावू नकात! डाक्टरांका फोन केलंय. पेशंट बगून साडेधाक येतले. तवसर काय एक हलवू नकात."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

आमच्यात माणूस गेलं की निजवून ठेवत नाहीत. बसवतात. मांडी घालून, पाठ टेकवून, कपाळाला पट्टी बांधून. बसवूनच मिरवतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर. हे वेळेत करावं लागतं. शरीर ताठलं की मांडी मोडत नाही.

माझे चुलते गेले तेव्हा त्यांना दवाखान्यातून आणायला फार वेळ झाला होता. घरी आणले ते फळीसारखे. चौघांनी जोर लावून त्यांना बसवलं. गुडघ्याचा आवाज झाला. अंगणात बसलेल्या बायकांपर्यंत तो आवाज गेला. काशम्मा त्यांच्यात होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. दिवा घालवताना म्हणाली, "आवो, माज्या येळंला असं करू नगा. येळेत बसवा. माज्या गुडघ्याचा आवाज कुनाला ऐकू जाऊ देऊ नगा." मी म्हणालो, मीच आधी जाणार. ती म्हणाली, "ते बगू. पण आवाज न्हाय."

मी खिडकीपाशी जाऊन तिच्या थोरल्या भावाला फोन लावला. सिद्धलिंगप्पा अक्कलकोटजवळ गावी असतो.

"बोला की दाजी. सकाळीच फोन?"

"काशी गेली."

मग तो म्हणाला, "कवा?"

"म्हाईत न्हाय."

"म्हाईत न्हाय म्हंजे? तुमी कुटं हुता?"

"बाजारात."

त्यानं त्यावर काही म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"बसवलं का तिला?"

"न्हाय. लॉजचं मालक हात लावू देईना. डॉक्टर यायचाय म्हनतंय."

"मालकाला काय कळतंय? मोदल आकिन्न कुंदरसू!" तो एकदम कानडीत ओरडला. "पैलं तिला बसवा दाजी. रडायचं मागनं बगू. बसवा!"

मी फोन ठेवला आणि भिकाजीशेटना म्हणालो, "शेट, आमच्यात बसवावं लागतंय."

"बसवणा म्हणजे काय? मेल्या माणसाक बसवतत?"

"व्हय. तसंच पुरत्यात."

"आसात तुमच्यात. पण डाक्टर येवंदेत. उद्या कोणी इचारल्यान, बाईक कोणी हलवल्यान, तर मी काय सांगू? लॉज माझो आसा. पोलिस पयलो माका धरतले, तुमका नाय."

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. पण त्यांचा डोळा घड्याळाकडं होता आणि माझाही. त्यांना काटा पुढं जायला हवा होता, मला तो थांबायला हवा होता.

"साडेधापातूर मांडी मोडायची न्हाय, शेट."

"तासाभराचो प्रश्न आसा रे बाबा!"

खालून कुणीतरी त्यांना हाक मारली. खाली त्यांची खाणावळ, नाश्त्याची गर्दी होती. ते दोन पायऱ्या उतरले आणि मी दार लावून आतून कडी घातली. भागीरथी आतच राहिली होती. तिनं कडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुला जायचं आसंल तर जा, बाई," मी म्हणालो.

"खंय जावू?" ती म्हणाली. "काल वयनी माझ्या येणीत आबोली माळीत होती. सांगा, काय धरू?"

खोलीत चादरींचा एक गठ्ठा होता, न सोडलेला. तो आम्ही खाटेवर भिंतीला लावला. मी काशम्माच्या काखेत हात घालून तिला उचललं. भागीरथीनं पाय धरले. पाठ गठ्ठ्याला टेकली. मान आधीच ताठ होती, ती तशी सरळच राहिली. कमरेत ती वाकली. डावा गुडघा जड होता, पण आला. डावा पाय आत गेला.

उजवा येईना.

मी थोडा जोर लावला आणि लगेच हात काढून घेतला. मला चुलत्यांच्या गुडघ्याचा आवाज आठवला.

"ऊन पाणी हाडू?" भागीरथी म्हणाली.

"दार उघडलं की ते आत येतील."

"हंयच आसा." कोपऱ्यात आमची विजेची शेगडी होती, काशम्मा तिच्यावर चहा करायची. लॉजमध्ये शेगडीला परवानगी नव्हती, भागीरथीला शेगडीचं माहीत होतं, सहा वर्षांत ती कुणाला बोलली नव्हती. तिनं पाणी ठेवलं. मी एक नवा टॉवेल पाण्यात बुडवून, पिळून, गुडघ्याला गुंडाळला.

दारावर थाप पडली.

"सोलापूरकर! कडी कित्या घातलास? उघडा आदी!"

मी टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवला.

"भागीरथी! तू आत आसस? ह्या काय चललाहा?"

"वयनीचा तोंड पुसतंय, शेटनू!" ती आतून ओरडली.

थापा चालू राहिल्या. मी टॉवेल तीनदा बदलला. मग दोन्ही हातांत तो पाय धरला. माग अडकला की नवे कामगार हातोडा घालतात. दांडी मोडते. मी त्यांना सांगायचो, मोटर बंद कर, चाक हातानं थोडं पुढं घे, थोडं मागं घे, कुठं सोडतोय बघ. मी तिचा पाय थोडा वाकवला, थोडा सोडला. पुन्हा थोडा वाकवला. पहिल्यापेक्षा बोटभर जास्त. पुन्हा सोडला. बाहेर भिकाजीशेट आता ओरडत नव्हते, फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होते. पोलिसांशी असावेत असं मला वाटलं. मी हात थांबवले नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. भागीरथी टॉवेलवर ऊन पाणी सोडत होती आणि तिच्या नाकावरून घाम गळत होता.

पाय आला. घोटा डाव्या मांडीखाली गेला. आवाज झाला नाही.

भागीरथी भिंतीला टेकून खाली बसली. मी काशम्माचा पदर सारखा केला, गळ्यातलं लिंग दोऱ्यासकट बाहेर काढून तिच्या डाव्या हातावर ठेवलं. कपाळावरून टॉवेल घेऊन मागं गठ्ठ्याच्या दोरीला बांधला. मग कडी काढली.

दारात डॉक्टर होते. पावणेअकरा झाले होते. भिकाजीशेट त्यांच्यामागं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बगा डाक्टरनू, मी सांगी होतंय हात लावू नकात म्हणून. तासभर कडी घालून होतो ह्यो माणूस..."

डॉक्टर आत येऊन थांबले. काशम्माकडं बघत राहिले. "हिला कोणी बसवलं?"

"मी."

"का?"

"आमच्यात तसं आसतंय. मी लिंगायत हाय, सायब. येळ गेला आसता तर झालं नसतं."

त्यांनी डोळे तपासले, छातीला नळी लावली, हात-मान पाहिली. मग माझ्याकडं वळले. "या परवा माझ्याकडे आल्या होत्या ना? छातीत जळजळ, डावा हात दुखतो म्हणून?"

"व्हय."

"मी चिठ्ठी दिली होती. सावंतवाडीला दाखवून या म्हणून. आजच्या आज, असं म्हणालो होतो."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. काढायची गरज नव्हती.

"बाजार झाल्यावर जानार हुतो," मी म्हणालो. "आजचा बाजार झाल्यावर."

खाली कुणीतरी उसळीला पाव मागत होतं. डॉक्टर खाटेच्या कडेला बसले आणि कागद काढला. "मी परवाच तपासलंय, सर्टिफिकेट मी देतो. पोलिसांना काही विचारायचं असेल तर माझ्याकडे पाठवा, भिकाजी." लिहिताना त्यांनी मला तिचं वय विचारलं. मला पटकन आठवेना. चोपन्न असं म्हणालो. नंतर हिशेब केला, त्रेपन्न होतं.

डॉक्टर गेल्यावर भिकाजीशेट दारातच उभे राहिले. ते काशम्माकडं आता पहिल्यांदा नीट बघत होते. ती गठ्ठ्याला टेकून बसली होती, बाजारात बसायची तशीच.

"टेम्पो सांगितलंय," ते म्हणाले. "सोलापूरसर जायत. मागल्या दारान काडूया. फुडे गिरायक बसलासा."

"बरं."

"पण जिन्यार वळण आसा. अशी बसलेली कशी काडतलास?"

मलाही ते कळत नव्हतं. निजवायची नाही, एवढंच कळत होतं.

ते खाली गेले. मला वाटलं, आता माणसं आणतील आणि आडवी करतील. मी खाटेपुढं उभा राहिलो. जिन्यावर धडपडीचा आवाज आला आणि भिकाजीशेट खुर्ची डोक्यावर घेऊन वर आले. गल्ल्यावर ते जिच्यावर बसायचे तीच. काळ्या लाकडाची, रुंद, दोन्ही बाजूंना हात असलेली.

"हेच्यात बसवा," ते धापा टाकत म्हणाले. "बापाशीची आसा. मजबूत आसा."

आम्ही तिला खुर्चीत ठेवलं. मांडी बरोबर मावली. मी टॉवेलांनी तिला पाठीशी बांधलं. पुढून मी, मागून भिकाजीशेट आणि टेम्पोवाला, असे जिना उतरलो. खाली आल्यावर मी मागच्या दाराकडं वळलो.

"थयसून खुर्ची जावची नाय," भिकाजीशेट म्हणाले. "दार बारीक आसा. फुडल्यानच चला."

मागचं दार मी सहा वर्षं पाहत होतो. तिथून आमचे खुर्चीहून रुंद गठ्ठे येत-जात.

खाणावळीत आठ-दहा माणसं खात होती. खुर्ची बघून ती उठली, उष्टे हात तसेच धरून. काशम्मा त्यांच्यामधून बाहेर पडली. टेम्पोत आम्ही खुर्चीला दोन्ही बाजूंनी गठ्ठे लावले. आंबोलीच्या घाटात वळणावळणाला मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापुरात रुद्रभूमीत तिला मातीत ठेवलं. स्वामींनी लिंग तिच्या तळहातावर बघितलं, मान हलवली. सिद्धलिंगप्पा खड्ड्यात उतरला होता. वर येताना म्हणाला, "चांगली बसलीया." मला तो एवढंच बोलला. मुलगी, शिवलीला, मला विचारत होती, अप्पा, आईनं काही सांगितलं का शेवटी? मी म्हणालो, न्हाय. चिठ्ठीचं मी तिला सांगितलेलं नाही.

भिकाजीशेटना मी त्याच आठवड्यात फोन केला. खुर्ची पार्सलनं पाठवतो म्हणालो.

"पार्सलान नको," ते म्हणाले. "मोडतली. दिवाळेनंतर येशात तेव्हा हाडा. चार नंबर ठेवतंय."

ते हल्ली गल्ल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, असं भागीरथी फोनवर म्हणाली. आमची उघड्यावर राहिलेली बाज तिनंच आवरली. एक टॉवेलसुद्धा गेला नव्हता.

त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. खुर्ची बाहेरच्या खोलीत आहे. कुणी आलं तर मी त्यांना खाटेवर बसायला सांगतो. तिचा उजवा हात थोडा ढिला झाला होता, तो मी खिळा न मारता, पाचर घालून बसवला. ती पोचवायची अजून राहिली आहे.