रत्नाला ऑक्सिजन का दिला नाही

मी एक जुना ऑक्सिजन सिलिंडर आहे. माझा रंग उडालाय, पण राग ताजा आहे. मित्रांनो, तो आज बोलून दाखवणार आहे.

जाड पोलादातून मला घडवलं आणि भोरच्या एका लहान दवाखान्यात पाठवलं. करोनात माझा काय तोरा होता! लोक मला हात जोडत. साथ ओसरली आणि मी रुग्णवाहिकेत धूळ खात पडलो. तरी वाटायचं, गुदमरणाऱ्याला आपल्यावाचून कोण आहे?

मग हिर्डोशीची रत्ना आली. तिचा नवरा गोरख आणि शेजारी बंडू यांनी तणनाशकाचा डबा भागीत घेतला होता. डबा बंडूकडे राहिला. गोरखने आपला वाटा कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून बांधावर ठेवला. शेतात तहान लागली म्हणून रत्नाने तीच बाटली तोंडाला लावली. आणखी कुणी पिऊ नये म्हणून सासूने, सखूबाईंनी, बाटली घासून धुऊन टाकली. झालं, उरलासुरला पुरावाही गेला.

"कुठलं तणनाशक?" डॉक्टर शेफालींनी विचारलं.

"गवत जाळायचं," गोरख म्हणाला. "नाव न्हाई ठावं. डबा बंडूकडं हाय, अन् तितं रेंज न्हाई."

गवत जाळायचं औषध काय एकच असतं? शेवटी डॉक्टरांनी रत्नाच्या लघवीत एक औषध टाकून पाहिलं. लघवी निळी झाली, विष कुठलं ते कळलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीने पोटात सोडली आणि तिला पुण्याला हलवायची घाई केली.

गोरख माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिला धाप लागलीय अन् तुमी आक्सिजन लावंनात? कसले डॉक्टर तुमी?"

"ती घाबरलीय, पण श्वास पुरतोय तिला. या विषाला जादा ऑक्सिजन मिळाला की ते फुप्फुस आणखी जाळतं."

माझा संताप झाला. इतक्यांना तारलं, आणि एका निनावी बाटलीने मला विषाचा साथीदार करून टाकलं. पुण्यापर्यंत मी तिच्या उशाशी बंद पडून होतो.

काही दिवसांनी तिला घरी आणायला हीच गाडी गेली. या खेपेस शेफालींनी स्वतः माझी चावी फिरवली. गोरखचा चेहरा खुलला.

"लावला बग आक्सिजन," तो रत्नाला म्हणाला. "आता बरी व्हशील."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. रत्नाची फुप्फुसं गेली होती, म्हणूनच पुण्याहून तिला घरी पाठवलं होतं. आता मला लावल्याने बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. विष तेवढं त्याच्या नावाच्या डब्यातच राहू द्या. आणि कुणी चुकून प्यालंच, तर माणसाबरोबर तो डबाही गाडीत घाला. गोरखची ती आशा मला पुन्हा ऐकायची नाही.