पुलावरची हवा

पाहुण्याने मीटरची नळी पुलाच्या कठड्याबाहेर धरली आणि आकडा स्थिर होईपर्यंत तो जागचा हलला नाही.

"दोन," तो म्हणाला. "म्हणजे काहीच नाही. एवढा मिथेन कुठल्याही हवेत असतोच."

ती मनातून सुखावली. एरवी या पुलावर बस आली की सगळे खटाखट खिडक्या लावून घेत आणि तीही नाकाला रुमाल लावून बसे. कालव्यापलीकडचा कचरा डेपो इथून हाकेच्या अंतरावर होता. आज मात्र वासाचा मागमूस नव्हता. पाहुण्यासमोर शोभा झाली नाही, एवढं पुष्कळ झालं, असं तिला वाटलं.

पालिकेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. शहरातून किती धूर, किती वायू वर जातो ते मोजायचं, हे तिचं काम. सुरुवातीला लोक चेष्टेने विचारत, "बाई, माझ्या चहाच्या वाफेचे किती धरलेत?" मग सात वर्षांत शहराचे हरितगृह वायू एकवीस टक्क्यांनी उतरले, जगभरच्या शहरांच्या संघाने तिच्या पद्धतीची पुस्तिका छापली आणि चेष्टा थांबली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता बारा शहरं ती पुस्तिका हातात घेऊन आपापलं मोजायला निघाली होती. त्यातल्याच एका शहराचा अभियंता, हा पाहुणा, दोन विमानं बदलून सगळं प्रत्यक्ष पाहायला आला होता. परवा संघाच्या सभेत तिला यंदाचा आकडा सांगायचा होता. ज्या शहरांचे वायू पंधरा टक्क्यांहून जास्त उतरतील, त्यांना विजेवरच्या बसगाड्यांची दुसरी तुकडी मिळणार होती. एकवीस म्हटलं की गाड्या आल्याच.

पाहुण्याने पिशवीतून पुस्तिका काढली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"पान सत्तावीस," तो म्हणाला. "शहराच्या हद्दीबाहेरचे स्रोत धरू नयेत. या एका ओळीने आमचं घोडं पुढे सरकलं बघा. आम्हीही आमचा डेपो नदीपलीकडे हलवतोय, पुढच्या महिन्यात."

"पलीकडे काय आहे?"

"वस्ती आहे. साडेतीन हजार घरं. पण हद्दीबाहेर." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, तो शिकलेला धडा म्हणून दाखवत होता. "तुमच्या डेपोपलीकडे कोण राहतं?"

"माझी ताई," ती म्हणाली.

पाहुण्याने पेन्सिल खिशात ठेवली. ती घाईने पुढे म्हणाली, "तिला काही त्रास नाही हो. महिन्यातून दोनदा तरी जाते मी. पुलावर वास येतो, पण तिच्या घरी कधीच नाही. खोटं वाटत असेल तर चला."

बस पुलापर्यंतच येई. पुढे डेपोच्या भिंतीकडेने वीस मिनिटं चालायचं. चालता चालता तिला वाटलं, आपण पहिल्यांदाच ताईकडे न सांगता निघालोय. ताईकडे जायचं तर ताईचा फोन यावा लागे. कधी मंगळवारी, कधी रविवारी, सकाळी सकाळी फोन वाजे. "आज ये." आणि आपण होऊन विचारलं तर बहुतेक वेळा, "आज नको गं, मला काम आहे." एकट्या बाईला एवढं कसलं काम असतं, कुणास ठाऊक. ताई लहानपणापासूनच लहरी, असं ती हसून सगळ्यांना सांगे.

मोजणीसाठी कालव्याकाठची हद्द तिनेच आखली होती. सात वर्षांपूर्वी नकाशा टेबलावर पसरून, निळ्या पेन्सिलीने. तेव्हा डेपो अलीकडे होता. दोन वर्षांनी तो पलीकडे गेला. तो तिने हलवला नव्हता. पण एकवीसपैकी पंधरा टक्के त्या एका स्थलांतराने उतरले होते, हे तिला ठाऊक होतं आणि तिच्या साहेबांनाही. नियमात बसत होतं, आणि नियम तिचाच होता.

भिंत संपता संपता वास आला. कचऱ्याची गाडी गेली असेल, असं तिला वाटलं. ती थांबली. वास गेला नाही. उलट एकेका पावलागणिक घट्ट होत गेला, घशात बसला. पाहुण्याने कोपर नाकाशी नेलं आणि तो तिच्या मागून चालत राहिला.

ताईने दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तू? आज?"

भर दुपारी घरातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. तावदानांच्या फटींत ओल्या कापडाच्या पट्ट्या खोचलेल्या. पट्ट्या कशाही फाडलेल्या नव्हत्या. प्रत्येक फटीच्या मापाची वेगळी, कडेला बारीक टाके घालून दुमडलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी होती आणि तिच्यावर कपडे वाळत होते. ही दोरी तिने आजवर कधी पाहिली नव्हती. ताईने पुढे होऊन खिडकीतली एक पट्टी उपसली, मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन परत खोचली.

"आजच जरा..." ताई म्हणाली. "वारा असा असला की येतो. एरवी नसतो."

"एरवी म्हणजे मला बोलावतेस तेव्हा."

ताई पाण्याचा पेला भरायला वळली. धाकटी खिडकीशी गेली. काचेतून समोरच्या गच्चीवरची काठी दिसत होती आणि काठीच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी. चिंधीचं टोक घराकडे फडफडत होतं. पुलावर वास असेल त्या दिवशी ते टोक शहराकडे असणार, हे समजायला मोजणीबाई असण्याची गरज नव्हती. पाच वर्षं ताई रोज सकाळी ती चिंधी बघून फोन उचलत होती. तिला लाज वाटली. सगळ्या शहराचा धूर मोजणाऱ्या बाईला बहिणीच्या घरची हवा कळली नव्हती.

पाहुण्याने विचारल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पट्टी किंचित बाजूला करून नळी फटीशी धरली.

"अडतीस," तो हळूच म्हणाला.

"हे तू लिहिणार?" ताईने विचारलं.

तिने मीटरवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"लिहू नकोस. पुस्तकात तुझं नाव आलंय, त्यात ही घाण कशाला? आणि आमच्याकडे बस यायचीय ना? तूच म्हणालीस, दुसऱ्या तुकडीतली पहिली गाडी या रस्त्याला." ताईने गुडघ्यावर हात ठेवून बसकण मारली. "खिडकी लावून घेता येते गं. ते वीस मिनिटं चालणं नाही होत आता."

परतताना दोघं भिंतीकडेने पुलापर्यंत आले. बसची वाट बघताना पाहुणा म्हणाला, "माझं विमान शुक्रवारी आहे. तोवर पान सत्तावीस असंच राहणार ना? म्हणजे आमच्याकडे कळवायला बरं."

ती रस्त्याकडे बघत राहिली. बस आली तशी ती आधी चढली.

सभेच्या आदल्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब भला माणूस होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सहा?"

"डेपो धरला की सहा."

"बाई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय. एकवीस हा काही खोटा आकडा नाही."

"खोटा नाही, साहेब. अपुरा आहे."

"बसगाड्या गेल्या म्हणून समजा. त्याच गाड्यांनी उद्या खराखुरा धूर कमी झाला असता, याचा विचार केलात?"

"रात्रभर तोच केला," ती म्हणाली. "पण बारा शहरं माझ्या मागून चाललीयत. त्या प्रत्येकाला एकेक नदी आहे, नाहीतर कालवा."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग कागदावर सही केली आणि तो तिच्याकडे सरकवला. कागद रागाने ढकलल्यासारखाच आला.

सभेत तिने सहा सांगितलं. टाळ्या तुरळक पडल्या. पान सत्तावीसवरची ओळ काढून तिथे दुसरी घातली: शहराचा कचरा जिथे कुजेल, तिथला वायू शहराचाच धरावा. पाहुण्याने ती ओळ उभ्या उभ्या आपल्या पुस्तिकेत उतरवून घेतली. त्याला परत जाऊन पुष्कळ जणांची बोलणी खावी लागणार होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी तिने ताईला फोन केला.

"बस?" ताईने विचारलं.

"राहिली."



"बरं," ताई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर तीन आठवडे ताईचा फोन नव्हता. तिने केला तर वाजून वाजून बंद होई. ताई रागावली यात तिला नवल वाटलं नाही. आपण आपलं मन हलकं केलं आणि चालायचं ताईच्या गुडघ्यांनी, हे तिला दिवसातून दहादा आठवे. डेपोवर जमिनीत नळ्या घालून वायू ओढून घेण्याची एक योजना तिने साहेबांपुढे ठेवली होती. शहराच्या नावावर तो ढिगारा आल्यापासून त्याचं काहीतरी करणं पालिकेला भागच होतं. पण असल्या कामाला वर्ष लागतं, दोन लागतात.

चौथ्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"आज ये," ताई म्हणाली. एवढंच.

ती कार्यालयातून लवकर निघाली. निघताना कपाटातला मीटर पिशवीत टाकला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. बस कालव्यापाशी आली तशी तिने सवयीने पिशवीतून रुमाल काढला आणि नाकाशी नेला. मग तिच्या लक्षात आलं, की बसमधल्या एकाही माणसाने खिडकी लावलेली नाही. पुलावर उतरल्यावर तिने रुमाल खाली घेतला आणि एक लांब श्वास घेतला.

हवा अगदी स्वच्छ होती. म्हणजे चिंधीचं टोक आज ताईच्या घराकडे होतं, आणि सकाळी ते पाहूनच तिने फोन केला असणार.

रुमाल घडी करून तिने पिशवीत ठेवला आणि भिंतीकडेने भराभर चालायला लागली.